गुरुवारच्या पिवळ्या चिठ्ठ्या

मित्रांनो, मी म्हातारा झालोय आणि अजूनही रागीट आहे. वय झालं की राग निवळतो असं लोक सांगतात. माझा नाही निवळला. मी तो जपून ठेवलाय. लहान मुलांना सुडाच्या गोष्टी सांगू नयेत, हेही मला ठाऊक आहे. पण कीर्तनात राक्षस पडतो तेव्हा तुम्ही पुढं बसून टाळ्या पिटताच की! तेव्हा ऐका.

मी एक पांढरा फळा. खडूचा नव्हे, शाईच्या पेनानं लिहायचा आणि लोहचुंबकानं चिठ्ठ्या अडकवायचा. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. पोलादाचा पातळ पत्रा, त्यावर भट्टीत भाजून बसवलेला पांढरा मुलामा आणि कडेनं ॲल्युमिनियमची चौकट. भट्टीतून निघालो तेव्हा माझ्यावर एक डाग नव्हता. कारागिरानं ओल्या फडक्यानं मला पुसलं आणि स्वतःचा चेहरा माझ्यात बघून मिशी नीट केली. तेवढं एक कौतुक घेऊन मी घर सोडलं.

घर सोडलं म्हणजे फार लांब गेलो नाही. दोन गल्ल्या पलीकडं, एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर, बारा माणसांची सॉफ्टवेअर कंपनी होती. तिचे मालक व्यंकटराव. कारखान्यात हजारो सुटे भाग असतात. कुठला भाग कुठल्या कप्प्यात ठेवलाय ते संगणकावर दाखवणारं सॉफ्टवेअर ही माणसं बनवायची. ते ज्या कारखान्यांना लागायचं त्यांची सुट्टी शुक्रवारी, म्हणून यांचीही शुक्रवारी. गुरुवारी संध्याकाळी सहाला नवीन सुधारलेलं सॉफ्टवेअर कारखान्यात जायचं, शुक्रवारी बंद यंत्रांवर चढायचं आणि शनिवारी सकाळी कामगार त्यावर काम सुरू करायचे. हा वारांचा क्रम नीट ध्यानात ठेवा, मित्रांनो. सगळं त्यावरच घडलं.

तिथं मला पद्मजाताई भेटली. तयार झालेलं सॉफ्टवेअर कारखान्यात जाण्याआधी तपासायचं, हे तिचं काम. अख्ख्या कंपनीत तपासणारी ती एकटीच. तिनं माझ्यावर तीन रकाने आखले: करायचं, चालू, झालं. प्रत्येक कामाची एक पांढरी चिठ्ठी. कुणी घेतलं, कधी घेतलं, कधी संपलं, सगळं तिच्यावर. कारखान्यात एखादी चूक निघाली की तिची लाल चिठ्ठी. शनिवारी सकाळी सगळे हातात चहाचे कप घेऊन माझ्यासमोर उभे राहायचे आणि ताई चिठ्ठ्या मोजायची.

ती काय विचारायची माहीत आहे? “कुणी चुकवलं?” असं कधी नाही. “कुठं अडलं?” एवढंच विचारायची. एकदा तिनं दोन महिन्यांच्या चिठ्ठ्या रांगेनं लावल्या, तर दिसलं की प्रत्येक काम मधल्या रकान्यात तीन-तीन दिवस नुसतंच पडून राहतंय. का? तर कप्प्यांच्या लेबलांची छपाई तपासायचा संगणक एकच, आणि सगळे त्याच्यासाठी खोळंबलेले. व्यंकटरावांनी दुसरा संगणक आणला आणि ते तीन दिवस गायब झाले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की मी नुसता पत्रा नाही. माझ्यावर माणसांचं काम दिसतं, आणि दिसलं की सुधारतं. व्यंकटराव पाहुण्यांना माझ्यासमोर आणून म्हणायचे, “हा आमचा फळा. आम्ही याला विचारून चालतो.” माझी चौकट फुगायची.

तिसऱ्या वर्षी हेमचंद्र आले.

कंपनी वाढली, म्हणून व्यंकटरावांनी त्यांना व्यवस्थापक नेमलं. कडक इस्त्री, सरळ भांग, खिशाला चार रंगांची पेनं. मोठे टापटीप. आल्या आल्या त्यांनी नियम केला: तारीख आणि घड्याळातली वेळ लिहिल्याशिवाय एकही चिठ्ठी फळ्यावर लागणार नाही. मला नियम आवडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलं, ‘या आठवड्याचे मानकरी’, आणि खाली माणसांची नावं. ज्याच्या नावावर लाल चिठ्ठ्या जास्त, तो सगळ्यांत वर.

पहिला मानकरी निघाला रामकिसन. हा रोज फुलंब्रीहून मोटारसायकलवर येणारा, सॉफ्टवेअर लिहिण्यात तरबेज आणि तोंडानं त्याहून.

“सर, मानकरी म्हणल्यावर नारळ-टॉवेल तरी द्या,” तो म्हणाला. “आमच्या गावात मानकऱ्याला फेटा असतो.”

सगळे हसले. हेमचंद्र हसले नाहीत. “आकडे बोलतायत, रामकिसन. मी नाही.”

खोटं! आकडे बोलत नव्हते. त्यांच्या तोंडी शब्द घातले जात होते. ज्या अंगावर ताईनं माणसांच्या अडचणी लिहिल्या, त्याच अंगावर आता त्यांची अब्रू टांगली जात होती, आणि ती टांगायचा खिळा मी होतो. त्या दिवसापासून मला हेमचंद्रांचा राग आला, तो आजतागायत.

पुढं काय झालं ते तुम्हीच ओळखाल. लोकांनी लाल चिठ्ठ्या लावणंच सोडलं. चूक निघाली की फोनवर गुपचूप मिटवायची. नुसती पद्मजाताई लावत राहिली. रामकिसननं तिला समजावलं, “ताई, कशाला स्वतःच्या हातानं फास आवळता? जाऊ द्या ना!”

“लपवलेली चूक पुढच्या महिन्यात परत दारात उभी राहते, रामकिसन. आणि तेव्हा ती कुठून आली तेही कळत नाही.”

लाल चिठ्ठीच्या तळाशी ‘तपासलं: पद्मजा’ असं लिहायची पद्धत होती. आता हेमचंद्र तेच नाव मोजू लागले, त्यामुळे प्रत्येक लाल चिठ्ठी तिच्या खात्यावर. लपवणाऱ्यांची नावं खाली गेली, न लपवणारीचं नाव वर चढलं आणि वरच राहिलं.

आता पिवळ्या चिठ्ठ्यांचं सांगतो. दर गुरुवारी चारच्या सुमारास हेमचंद्रांचा फोन वाजायचा. पलीकडं कारखान्याचे कुणीतरी मोठे साहेब. “उद्या आमची सुट्टीच आहे, तर तेवढं हेही घालून टाका.” हेमचंद्र म्हणायचे, “हो साहेब, होऊन जाईल.” मग पिवळ्या चिठ्ठीवर तो ऐनवेळचा बदल लिहायचे, स्वतःच्या नियमाप्रमाणे तारीख आणि वेळ टाकायचे, खाली सही, आणि माझ्यावर लावायचे. चार वाजून दहा मिनिटं. चार पन्नास. कधी सव्वापाच. रामकिसन घाम पुसत तो बदल सॉफ्टवेअरमध्ये कोंबायचा. सहाला सगळं कारखान्यात जायचं, आणि ताईला तपासायला मिळायची अर्धी घटका.

सहा वाजले की हेमचंद्र पिवळ्या चिठ्ठ्या उपटून टोपलीत टाकायचे. “बदल झाला, आता कागद कशाला?” लाल चिठ्ठ्या मात्र शनिवारी काढून फाईलमध्ये नीट ठेवायचे. लाल जपल्या, पिवळ्या फेकल्या. वर्षभर हे मी बघितलं. मला तोंड नाही, हात नाहीत. मी फक्त म्हणायचो, पांडुरंगा, एकदाच या माणसाचं नाव त्या लाल शाईत माझ्या कोपऱ्यात उमटू दे. मग मला भंगारात घातलंस तरी तक्रार नाही.

देवानं ऐकलं, पण आपल्या पद्धतीनं.

आमच्याकडं झाडलोटीला आशाबाई यायच्या. चिकलठाणा गावातच त्यांचं घर. गावात हरिनाम सप्ताह बसला की रोज रात्रीचं कीर्तन ऐकायच्या, आणि सकाळी फरशी पुसताना मला अख्खं कीर्तन पुन्हा मिळायचं. पूर्वरंग जिन्याजवळ, उत्तररंग खिडकीपाशी. बुवांनी हात कसा उंचावला, टाळकरी कसे नाचले, सगळं सांगायच्या, जणू मीच एक श्रोता. मित्रांनो, मी कधी देवळाची पायरी चढलो नाही, पण गजरावर माझीही चौकट थरथरते ती त्यांच्यामुळं.

तर शनिवारी सकाळी कचऱ्याची टोपली उपडी करताना आशाबाई पिवळ्या चिठ्ठ्या वेचायच्या, कपाळाला लावायच्या आणि पिशवीत ठेवायच्या. एकदा रामकिसननं पाहिलं.

“काय मावशी, सरांची प्रेमपत्रं गोळा करता काय?”

“गप रे, येडा का खुळा तू! अक्षर हाय त्यावर. सरस्वती हाय. कचऱ्यात कशी जाऊ द्यायची? कुणाचा पाय लागंल.”

“मग त्यांचं करता काय?”

“देवाजवळ ठिवते. सप्त्याचा काला झाला की निर्माल्यासंगं पाण्यात सोडते. आपल्याला वाचता येत नाय म्हणून काय अक्षराला लाथ मारावी?”

रामकिसन हसत निघून गेला. मी मात्र हललो. वर्षभराचे कागद एका देवघरात सुखरूप होते, आणि त्यांचं मोल या खोलीत फक्त मला कळलं होतं!

मग तो शनिवार उजाडला. मोठ्या कारखान्यात सकाळी कामगारांनी संगणक उघडला तर सगळे कप्पे उलटेपालटे. बोल्टच्या कप्प्यात बेअरिंग दिसतंय, बेअरिंगच्या कप्प्यात काहीच नाही. अर्धा दिवस काम बंद. व्यंकटरावांचे कान लाल झाले. हेमचंद्रांनी त्यांच्यासमोर फाईल उघडली.

“सर, मी व्यक्तीबद्दल बोलत नाही, आकड्यांबद्दल बोलतोय. वर्षात त्रेचाळीस लाल चिठ्ठ्या. त्रेचाळीस वेळा एकच नाव.”

ठरलं. पुढच्या शनिवारी दहा वाजता पद्मजाताईच्या हातात कामावरून कमी केल्याचं पत्र पडणार. त्या पत्रात दोन शब्द होते: ‘कामात निष्काळजी’. वसाहत छोटी, सगळे सगळ्यांना ओळखतात. ते दोन शब्द हातात घेऊन गेलेल्या मुलीला या शहरात तपासणीचं काम कुणी दिलं असतं? ताईला ते कळलं होतं. त्या आठवड्यात तिनं चिठ्ठ्या लावल्या, पण माझ्याकडं वर बघितलं नाही.

शनिवारी दहा वाजता सगळे माझ्यासमोर उभे होते. कुणाच्या हातात चहा नव्हता. आशाबाई दाराजवळ फरशी पुसत होत्या.

व्यंकटराव म्हणाले, “पद्मजा, तुला काही सांगायचंय?”

“सर, चुका तपासणीत सुटल्या हे खरं. पण गुरुवारी चारनंतर नवीन बदल येतात. तपासायला वेळच उरत नाही.”

“कुठं लिहिलंय?” हेमचंद्र शांतपणे म्हणाले. “आपल्याकडं सगळं लिहून असतं, मॅडम. फळ्यावर दाखवा.”

ताईनं माझ्याकडं बघितलं. पिवळ्या चिठ्ठ्यांच्या जागी मी कोरा होतो. मित्रांनो, पुसून स्वच्छ ठेवलेला फळा असणं ही किती मोठी शिक्षा आहे ते मला त्या क्षणी कळलं.

“पिवळ्या चिठ्ठ्या असायच्या, सर,” ताई म्हणाली.

“असतील. आता आहेत का?”

“हायेत की!” दाराजवळून आवाज आला. “पिवळे कागद व्हय? समदे हायेत माझ्याकडं.”

हेमचंद्र वळले. “आशाबाई, तुम्ही फरशी पुसा.”

“पुसतेच हाय साहेब. पण उद्या काला हाय, उद्या ते पाण्यात जातील. पायजे असतील तर आजच सांगा.”

व्यंकटरावांनी रामकिसनकडं बघितलं. रामकिसननं किल्ली आधीच हातात घेतली होती. “मावशी, बसा मागं. घट्ट धरा!”

पंधरा मिनिटांत दोघं परत आले. जुन्या लुगड्याचं गाठोडं, त्याला बुक्क्याचा वास. गाठ सुटली आणि टेबलावर पिवळा ढीग पडला. प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, वेळ, सही. सगळं एकाच टापटीप हस्ताक्षरात. हेमचंद्रांनी आपलं अक्षर ओळखलं. मी त्यांच्याकडंच बघत होतो. चेहऱ्यावरून रक्त उतरताना बघणं हे पाप असेल, पण मी ते डोळे भरून बघितलं.

ताईनं माझ्यावर सहा रकाने आखले, शनिवार ते गुरुवार. कारखान्यात जे बिघडलं ते कुठल्या वारी घातलेल्या कामातून आलं, ते शोधून तिनं फाईलमधली एकेक लाल चिठ्ठी त्या-त्या वाराखाली लावली, आणि जिला जोडीदार होती तिच्याशेजारी ती पिवळी. सोमवारी दोन. मंगळवारी एक. बुधवारी तीन. शनिवारी एक. आणि गुरुवारचा रकाना भरत गेला, भरत गेला, खालच्या चौकटीला टेकला तरी चिठ्ठ्या संपेनात. त्रेचाळीसपैकी छत्तीस लाल गुरुवारच्या, आणि छत्तीसच्या छत्तिसांना एकेक पिवळी जोडीदार. बोल्ट-बेअरिंगचा घोळही त्यातलाच. वेळ, पाच वाजून वीस मिनिटं.

आशाबाई फडकं पिळता पिळता म्हणाल्या, “आमच्या सप्त्यात टाळ चुकाय लागले ना, तर बुवा टाळकऱ्याकडं बघतच नायत. आधी मृदंगवाल्याकडं बघत्यात. त्यानं मधीच लय पळवली की समद्यांचे टाळ फुटत्यात. त्या लेकरांचा काय दोष?”



व्यंकटराव म्हणाले, “हेमचंद्र, या पिवळ्या चिठ्ठ्या वाचा. मोठ्यानं. सगळ्या.”

हेमचंद्रांनी पहिली खणखणीत वाचली. पाचवीला आवाज बसला. दहावीनंतर ते नुसती वेळ वाचू लागले. चार दहा. चार पन्नास. पाच पंधरा.

“सर, मागं आवाज पोचंना,” रामकिसन म्हणाला. “जरा गजर होऊ द्या!”

छत्तीस चिठ्ठ्या, मित्रांनो. मला त्या गजरासारख्याच लागल्या. वर्षभर ज्या कोपऱ्यात ते दुसऱ्यांची नावं लिहीत आले, त्याच्याच समोर ते स्वतःची सही वाचत होते. शेवटची वाचून झाली तेव्हा रामकिसननं लाल पेन उचललं, ‘या आठवड्याचे मानकरी’च्या खाली ताईचं नाव पुसलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: हेमचंद्र, छत्तीस.

माझा नवस पुरा झाला! मला वाटलं, आता खुशाल भंगारात न्या.

आणि पद्मजाताईनं काय करावं? फडकं घेतलं आणि ते नाव पुसलं. मथळ्यासकट.

“ताई!” रामकिसन ओरडला. “वर्षभर तुमचं नाव होतं तिथं!”

“म्हणूनच. उद्या हे सर गेले आणि दुसरे आले, तरी गुरुवारचा फोन येणारच आहे. मला नाव नको. मला गुरुवार पाहिजे.”

खोटं कशाला सांगू, मी तिच्यावर चिडलो. माझ्या तोंडचा घास तिनं पुसून टाकला होता. हेमचंद्र तिच्याकडं बघत राहिले आणि हळूच म्हणाले, “मला त्यांना नाही म्हणता येत नाही, सर. फोन आला की तोंडातून हो जातंच.” ते ऐकून माझा राग थोडा गळला. थोडाच.

पत्र फाटलं. त्याच दिवशी नियम झाला: बुधवारी दुपारी बारानंतर आलेला बदल पुढच्या आठवड्यात. फोनवर नाही म्हणायचं काम व्यंकटरावांनी स्वतःकडं घेतलं. पिवळ्या चिठ्ठ्या टोपलीत टाकायला बंदी. पुढच्या सहा महिन्यांत लाल चिठ्ठ्या किती लागल्या? पाच. आणि त्या सगळ्यांनी लावल्या, कारण आता लपवायला कारणच उरलं नव्हतं. हेमचंद्र गेले नाहीत. दर शनिवारी माझ्यासमोर उभं राहून पिवळ्या चिठ्ठ्या मोजायचं काम त्यांच्याकडं आलं. ते मान खाली घालून मोजायचे, आणि मी दर शनिवारी ते मोठ्या चवीनं बघायचो. आशाबाईंचे सगळे कागद त्यांना परत मिळाले. पण काला होऊन गेला होता, म्हणून त्या निर्माल्याला पुढच्या सप्त्यापर्यंत थांबावं लागलं.

काही वर्षांनी कंपनीनं मोठी जागा घेतली, भिंतीवर चकाकणारा पडदा आला आणि मला जिन्याखाली तोंड भिंतीकडं करून ठेवलं. दोन वर्षं कुणी पुसलंदेखील नाही. शेवटी रामकिसननं टेम्पोत घालून मला फुलंब्रीकडच्या आपल्या गावच्या शाळेत आणलं. म्हणून तर आज तुमच्याशी बोलतोय.

मित्रांनो, माझी काळजी घ्या. कोरड्या फडक्यानं पुसा, खिळ्यानं ओरखडू नका. आणि एक मागणं आहे. गुरुजी बाहेर गेले की तुमचा मॉनिटर माझ्या डाव्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहितो. मी रोज बघतो. नाव लिहायचंच असेल, तर शेजारी वार आणि वेळही लिहा. महिनाभर लिहा, मग सगळे मिळून मोजा. गडबड कधी होते, कशानं होते, ते तुम्हालाच दिसेल, आणि गुरुजींनाही.

नुसतीच नावं लिहिलीत, तर मात्र मी जुनाच आहे. त्या कोपऱ्यातला माझा मुलामा झिजलाय. तिथं शाई धरत नाही. मॉनिटर नाव गिरवतो, पुन्हा गिरवतो, आणि गुरुजी येईपर्यंत ते ओघळून गेलेलं असतं. फळा बाद झाला असं तो सांगतो. सांगू दे.